जुन्या गाडीत नवा रॅक: या बदलाची पार्श्वभूमी

जुन्या गाडीचं स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवून बघा. दोन-तीन बोटं ते नुसतंच फिरतं, पुढची चाकं जागची हलत नाहीत. हा मोकळा खेळ, म्हणजे प्ले, काढायला स्टिअरिंग बॉक्सवरचा (स्टिअरिंगची फिरकी चाकांपर्यंत पोचवणाऱ्या गिअरच्या डब्यावरचा) स्क्रू आवळायचा, हा पहिला उपाय. पण गाडी आयुष्यभर बहुतेक वेळ सरळच धावलेली असते, त्यामुळे बॉक्समधला वर्म, म्हणजे पेचदार गिअर, मधल्या भागातच झिजतो, कडेचा भाग मात्र जवळपास कोरा राहतो. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला, की पूर्ण वळणावर स्टिअरिंग जाम होतं. सुटे भाग मिळेनासे झाले की बॉक्स काढून त्याजागी रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दातेरी पट्टी, बसवण्याकडे मालकाचं लक्ष आपोआप वळतं.

आपण त्याला ‘मॉडर्न रॅक’ म्हणतो खरं, पण दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, ही जोडी मोटारीइतकीच जुनी आहे. १८८६ साली पेटंट मिळालेल्या कार्ल बेंझ यांच्या तीनचाकीचं पुढचं एकुलतं चाक दातेरी पट्टीनेच वळत होतं. मग पुढची कित्येक दशकं बॉक्सचं राज्य का चाललं? कारण गाडीच्या पुढच्या ॲक्सलमध्ये होतं. दोन्ही चाकांना जोडणारा अखंड बीम ॲक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर वरखाली होत असे. चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, घट्ट बोल्ट केलेल्या रॅकचे टाय रॉड (रॅकपासून चाकांपर्यंत जाणारे दांडे) अशा ॲक्सलला जोडले, तर प्रत्येक खड्ड्यात चाकं आपोआप वळू पाहतील. शिवाय वर्मचा बॉक्स रस्त्याचे दणके हातापर्यंत फारसे येऊ देत नसे. तेव्हाच्या रस्त्यांवर ती फार मोठी सोय होती.

म्हणून रॅक परतला तो स्वतंत्र सस्पेन्शनचा, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं वरखाली होण्याच्या रचनेचा, हात धरून. सित्रोएनच्या ट्रॅक्शन अव्हाँला तो १९३६ मध्ये मिळाला, मॉरिस मायनरला १९४८ मध्ये पहिल्यापासूनच होता. सगळ्यात बोलकं उदाहरण एमजीचं. तिच्या टीसी मॉडेलला बीम ॲक्सल आणि बॉक्स. तिच्या पाठोपाठ आलेल्या टीडीला स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक, दोन्ही एकदमच. जग्वारनेही एक्सके१२० चा बॉक्स सोडून १९५४ च्या एक्सके१४० ला रॅक दिला. अमेरिकेतल्या मोठ्या गाड्या मात्र रिसर्क्युलेटिंग बॉलच्या (वर्मवर गोळ्या फिरणाऱ्या) बॉक्सवर पुढेही बरीच वर्षं चालल्या.

आणि तरीही जुन्या गाडीत रॅक बसवण्याच्या या बदलाला खरा जोर अमेरिकेतच आला. १९७४ च्या फोर्ड मस्टँग टूचं पुढचं सस्पेन्शन आटोपशीर होतं आणि रॅक ॲक्सलच्या पुढे बसत होता. हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाड्यांना नवं बळ देऊन बनवलेल्या गाड्या, तयार करणाऱ्यांनी भंगारातल्या गाड्यांचा तो अख्खा पुढचा भाग कापून जुन्या चॅसीवर वेल्ड करायला सुरुवात केली. पुढे त्याच मापाचे नवे क्रॉसमेंबर (चॅसीचे आडवे तुकडे), आर्म (चाक धरून ठेवणारे सस्पेन्शनचे हात) आणि रॅक तयार मिळू लागले. माझ्या मते त्या लोकांचं शहाणपण इथेच दिसतं. त्यांनी नुसता रॅक उचलला नाही, तो ज्या सस्पेन्शनसाठी घडवला होता ते सस्पेन्शनही सोबत आणलं.

नुसता रॅक बसवणाऱ्याची गाठ बंप स्टिअरशी, म्हणजे खड्ड्यात चाक आपोआप वळण्याशी, पडते. टाय रॉडचे आतले सांधे कंट्रोल आर्मच्या (त्याच सस्पेन्शनच्या हातांच्या) आतल्या बिजागऱ्यांशी जुळले नाहीत, की चाक वर जाताना टाय रॉड एका कंसात फिरतो आणि आर्म दुसऱ्या. त्या फरकाने चाक स्वतःहून आत किंवा बाहेर वळतं. रॅकची लांबी इंचभर चुकली तरी हे हाताला जाणवतं. ॲक्सलच्या पुढचा रॅक तसाच मागे नेऊन मागे वळलेल्या स्टिअरिंग आर्मना (चाकाला वळवणाऱ्या हातांना) जोडला, तर गाडी उलटीच वळते! बीम ॲक्सल ठेवायचा असेल तर चांगला बॉक्सच बरा. म्हणूनच शेव्हरले व्हेगाचा छोटा बॉक्स अशा गाड्यांवर इतका लोकप्रिय झाला.

स्टिअरिंग कॉलमचा, म्हणजे स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याचा, इतिहास याहून गंभीर आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत बॉक्सपासून स्टिअरिंगपर्यंत एकच सरळ, अखंड दांडा असे. समोरून धडक बसली की तो चालकाच्या छातीवर येई. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींच्या कॉलमने धडकेत किती मागे यावं यावर नियमाने मर्यादा आली. रॅक बसवताना दांडा बहुधा युनिव्हर्सल जॉइंटनी (वाकड्या कोनातही फिरणाऱ्या सांध्यांनी) तोडून वळवावा लागतो, तेव्हा ती भाल्यासारखी सरळ रेषा आपोआप मोडते. मला तरी रॅकचा हा फायदा हलक्या स्टिअरिंगपेक्षा मोलाचा वाटतो.

हलकेपणाची हमी तर रॅक देतच नाही. कमी फेऱ्यांत चाक पूर्ण वळतं म्हणजे जोर जास्त लागतो, आणि रेडियल टायर घातले की उभ्या गाडीत तो आणखी वाढतो. १९८८ मध्ये सुझुकी सेर्व्होवर कॉलमला मोटर जोडलेलं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आलं. आज तशाच मोटरी डॅशबोर्डखाली लपवून जुन्या गाड्यांना बसवल्या जातात. त्यामुळे ज्याला फक्त जड स्टिअरिंगचा त्रास आहे, त्याला मूळचा बॉक्स उतरवावाच लागत नाही.