तैलरंगातील अनुकृती-अभ्यास

जुन्या चित्रकाराच्या चित्राची प्रत करून तैलरंग शिकण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीत निसर्गदृश्यातील मानवाकृतीच्या प्रतीचा, मुख्यतः मुंबईच्या संदर्भात, विचार केला आहे.

मुंबईत ही पद्धत कशी रुजली याविषयी एकमत नाही. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील कलाशाळेच्या धर्तीवर तेथे आधी सपाट नमुन्यावरून रेखन, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायांकन शिकवले जाई. प्रत करण्याची शिस्त या क्रमातून आली, असे सामान्यतः मानतात. दुसरे मत असे, की चितारी घराण्यांत खाक्यावरून (रेषांवर भोके पाडलेल्या आराखड्यावरून) आकृती उतरवून शिकण्याची रीत आधीपासूनच होती व शाळेने तिला केवळ इयत्ता लावल्या. दोन्ही मते रेखनापुरती पटतात. तैलरंगाचा उलगडा मात्र त्यांतून होत नाही, कारण साउथ केन्सिंग्टनचा भर नक्षी व उपयोजित कलेवर होता. त्या दृष्टीने अजिंठ्याचे काम अधिक निर्णायक वाटते. शाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात जे. जे.च्या विद्यार्थ्यांकडून तेथील भित्तिचित्रांच्या प्रती कॅनव्हासवर तैलरंगात करवून घेतल्या. पेस्तनजी बमनजी हे त्यांपैकी एक. मूळ चित्रे तैलरंगातली नव्हेत. भिंतीचा कोरडा, निस्तेज पोत तकतकीत माध्यमात आणताना मिश्रणावर हुकमत येणे भागच होते. लंडनला पाठवलेल्या प्रतींपैकी अनेक १८८५ च्या आगीत जळाल्या.

राजा रविवर्मा यांचा शिळाछाप छापखाना १८९४ मध्ये गिरगावात निघाला. शाळेबाहेरच्या हौशी चित्रकारांना या छापील चित्रांतून आयते नमुने मिळाले असावेत. पायातला काटा पाहण्याच्या मिषाने मागे वळलेली त्यांची शकुंतला हे निसर्गातील आकृतीचे परिचित उदाहरण. मूळ चित्रासाठी १८७० व १८९८ अशी दोन वर्षे आढळतात, त्यांपैकी दुसरे अधिक ग्राह्य दिसते.

प्रत करताना चौकटी आखून रेखन कॅनव्हासवर उतरवतात व टर्पेंटाइनने पातळ केलेल्या अंबर या तपकिरी मातीरंगाने छायाप्रकाश मांडतात. अंबरमधील मँगनीजमुळे हा थर लवकर सुकतो. जवसाचे तेल उडून जात नाही, हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणून खालचे थर कमी तेलाचे व वरचे अधिक तेलाचे ठेवावे लागतात. क्रम उलटला तर वरचा रंग तडकतो.

आकृती आधी पुरी करून पार्श्वभूमी मागाहून भरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. तसे केले की आकृती कापून चिकटवल्यासारखी दिसते. दोन्हींवर उजेड एकच पडतो, तेव्हा झाडी, आकाश व अंग एकाच बैठकीत पुढे न्यावे लागते. मोनेच्या छत्री घेतलेल्या स्त्रीच्या चित्रात (१८७५) पांढऱ्या पोशाखाची सावली राखाडी नाही, आकाशाने निळसर झालेली आहे. ही निळाई पॅलेटवर जुळवताना जे समजते ते वर्णनाने समजत नाही. कडांचेही तसेच. उजेडातला खांदा आकाशावर स्पष्ट उमटतो, सावलीतला पदर झाडीत विरतो. दोन्ही कडा सारख्याच धारदार ठेवल्या की खोली जाते.

छापील प्रतीवरून थर व कुंचल्याची चाल कळत नाही, रंगही बदललेले असतात. (व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये मिलेच्या चित्रांच्या एकरंगी छापांवरून प्रती केल्या खऱ्या, पण रंग स्वतःचे घातले. विद्यार्थ्याने तो दाखला देऊ नये.) मुंबईत मूळ युरोपीय तैलचित्रे जवळून पाहायची तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा संग्रह हाताशी आहे.

पावसाळ्यात कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते. ओल्या भिंतीला टेकवून चित्र ठेवू नये.

भारतात चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. प्रतीवर मूळ चित्रकाराची सही उतरवत नाहीत. पाठीमागे ‘अमुकवरून’ असे लिहून स्वतःचे नाव घालणे हा शिष्टसंमत मार्ग होय.