मेंढीच्या गर्भाशयातील रक्तवाहिन्यांची वाढ व इस्ट्रोजेन

मेंढीचे ऋतुचक्र साधारण १७ दिवसांचे असते. माजाच्या सुमारास बीजकोशातील पक्व पुटकातून (बीज वाढवणाऱ्या पिशवीतून) इस्ट्रॅडायॉल हे प्रमुख इस्ट्रोजेन (मादीचे लैंगिक संप्रेरक) भरपूर स्रवते आणि गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढतो. यात दोन क्रिया मिसळलेल्या असतात : असलेल्या वाहिन्या रुंदावणे आणि नव्या वाहिन्या फुटणे.

रुंदावणे झपाट्याने होते. बीजकोश काढलेल्या मेंढीला दर किलो वजनामागे १ मायक्रोग्रॅम इस्ट्रॅडायॉल शिरेतून दिले, की सुमारे दीड-दोन तासांत गर्भाशय-धमनीतील प्रवाह मूळच्या कित्येक पट होतो. एवढ्या वेळात नवी वाहिनी तयार होणे शक्य नाही. धमनीच्या आतल्या अस्तरपेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि भिंतीचा स्नायू सैलावतो. म्हणून प्रवाह वाढला एवढ्यावरून वाहिन्या वाढल्या असे म्हणता येत नाही.

खरी वाढ सावकाश होते. इस्ट्रॅडायॉल पेशीतील ग्राहीला (संप्रेरक ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला) जोडले जाऊन जनुके जागी करते. व्हीईजीएफ, एफजीएफ-२ आणि अँजिओपोएटिन हे वाहिन्यांची वाढ घडवणारे प्रथिन-घटक वाढतात. व्हीईजीएफमुळे अस्तरपेशी विभागतात, केशवाहिन्यांना कोंब फुटतात. शिवाय त्यांच्या भिंती झिरपू लागून ऊतीला सूज येते.

मोजणी फसते ती याच सुजेमुळे. पाणी भरून ऊतीचे वजन दुप्पट झाले आणि छेदातील (सूक्ष्मदर्शकाखालच्या पातळ कापातील) वाहिन्यांची घनता पूर्वीइतकीच दिसली, तर ‘परिणाम नाही’ असा निष्कर्ष निघतो; प्रत्यक्षात वाहिन्यांचे एकूण आकारमानही दुप्पट झालेले असते. घनतेला ऊतीच्या वजनाने गुणणे म्हणूनच आवश्यक. दुसरी चूक नमुना घेताना होते. मेंढीच्या गर्भाशयाच्या आत बटणासारखे उंचवटे (कॅरंकल) असतात, पुढे वार त्यांनाच जोडली जाते. उंचवटा आणि त्यांच्यामधला भाग वेगवेगळे कापावेत. दोन्ही एकत्र कुटल्यास त्यांतला फरक पुसला जातो. नमुना नुसता फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर रिकाम्या केशवाहिन्या मिटतात. धमनीतून स्थिरीकारक (ऊती आहे तशी टिकवणारा) द्रव सोडल्यास त्या उघड्या राहतात.

चाऱ्याकडेही लक्ष हवे. सबटेरेनियन क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीतील फॉर्मोनोनेटिन या द्रव्याचे मेंढीच्या पोटात इक्वॉल बनते आणि ते इस्ट्रोजेनच्या ग्राहींना चिकटते. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात अशा कुरणांवरच्या मेंढ्यांत वंध्यत्व पसरले होते. प्रयोगातील ‘इस्ट्रोजेन न दिलेल्या’ मेंढ्या असा चारा खात असतील, तर तुलनेचा पायाच राहत नाही.