द्नो आणि बोलोगोये: झारच्या शेवटच्या प्रवासातली दोन जंक्शनं

रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलस याच्या 1917 मधल्या पदत्यागाबद्दल दोन वाक्यं वारंवार कानावर येतात. एक, झारची गाडी बोलोगोयेला अडवली गेली. दोन, झारने द्नो स्थानकात राज्य सोडलं. दोन्ही चुकीची आहेत. गाडी मागे फिरली ती मालाया विशेरा या स्थानकातून, आणि राज्यत्यागाच्या कागदावर सही झाली प्स्कोवमध्ये. बोलोगोये आणि द्नो ही या दोन जागांच्या मधली जंक्शनं. गाडी दोन्हीकडून गेली म्हणून घोळ होतो, पण या गोष्टीतलं दोघांचं काम अगदी वेगळं आहे.

आधी नावं, कारण गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. रोमन लिपीत द्नो हे नाव तीन अक्षरांचं दिसतं आणि आपल्याकडे बरेच जण ते 'डीएनओ' असं सुटं वाचतात. रशियन उच्चार मात्र देवनागरीत नेमका उतरतो: दंत्य द आणि न यांचं जोडाक्षर, पुढे ओ. मध्ये 'अ' घुसवून 'दनो' करायचं नाही. शब्दाचा अर्थ तळ. बोलोगोयेचं उलट आहे. लिहिताना तीन ओ, पण जोर तिसऱ्यावर असल्यामुळे आधीचे दोन्ही बोलताना 'अ'कडे झुकतात आणि ऐकू येतं ते 'बलगोये'. गाडीतल्या घोषणेत 'बोलोगोये'ची वाट पाहत बसलेल्या माणसाचं स्थानक सहज निघून जाईल.

बोलोगोये त्वेर प्रांतात आहे, द्नो प्स्कोव प्रांतात. पहिल्याची वस्ती वीस हजारांच्या आसपास, दुसऱ्याची दहा हजारांच्या आत. बोलोगोयेला शहराचा दर्जा मिळाला 1917 मध्ये, द्नोला 1925 मध्ये. दोन्हीकडे आधी खेडं होतं; शहर झालं ते रेल्वेमुळे. एकाच मार्गाने दोन्ही जोडलेली आहेत: बोलोगोये, वाल्दाय, स्ताराया रुस्सा, द्नो, प्स्कोव. दोघांमधलं अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. इथवर साम्य.

बोलोगोये जन्माला आलं ते मॉस्को-पीटर्सबर्ग मार्गामुळे. हा मार्ग 1851 मध्ये सुरू झाला आणि पहिल्या गाडीला पल्ला गाठायला बावीस तासांच्या आसपास लागले. एकूण लांबी 650 किलोमीटर. बोलोगोये मॉस्कोपासून 331 आणि पीटर्सबर्गपासून 319 किलोमीटरवर, म्हणजे जवळपास बरोबर मध्यावर. वाफेच्या इंजिनाला पाणी, कोळसा, तपासणी आणि ताजा कर्मचारीवर्ग ठरावीक अंतरावर लागतोच. म्हणून या मार्गावर साधारण दर 80 किलोमीटरला एक मोठं स्थानक बांधलं आणि त्यात पहिला व दुसरा वर्ग आलटून पालटून ठेवला. ल्यूबान दुसऱ्या वर्गाचं, मालाया विशेरा पहिल्या, ओकुलोवका दुसऱ्या, बोलोगोये पहिल्या. पहिल्या वर्गाच्या स्थानकाची इमारत रुळांच्या कडेला नसते. ती दोन बाजूंच्या रुळांच्या मधोमध, बेटासारखी उभी असते, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही गाड्यांचे प्रवासी एकाच इमारतीत उतरू शकतात.

फाटे नंतर फुटले. 1870 मध्ये रिबिन्स्कचा मार्ग जोडला गेला आणि व्होल्गाकाठचं धान्य बोलोगोयेवरून तेव्हाच्या राजधानीकडे, पीटर्सबर्गला, जाऊ लागलं. 1897 मध्ये प्स्कोवचा मार्ग आला. 1907 मध्ये पोलोत्स्ककडे, तिथून पुढे पोलंडमधल्या शेद्ल्त्सेपर्यंतचा मार्ग झाला. तो मुख्यतः पश्चिम सीमेवर फौजा लवकर पोचाव्यात म्हणून होता. अशा रीतीने पाच दिशा एकत्र आल्या. या शेवटच्या मार्गामुळे आजही एक चूक घडते: गावात दोन स्थानकं आहेत, बोलोगोये-मोस्कोव्स्कोये आणि बोलोगोये-पोलोत्स्कोये. तिकिटावरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय निघू नये.

द्नोची घडण साधी आहे. 1897 च्या त्याच प्स्कोव मार्गावर ते एक स्थानक होतं. 1904 मध्ये पीटर्सबर्गहून त्सारस्कोये सेलोवरून दक्षिणेला वितेब्स्ककडे जाणारा मार्ग पूर्ण झाला आणि त्याने पूर्व-पश्चिम मार्गाला इथे छेद दिला. उत्तरेला पीटर्सबर्ग, दक्षिणेला वितेब्स्क, पूर्वेला बोलोगोये, पश्चिमेला प्स्कोव. एका वाक्यात फरक सांगायचा तर बोलोगोये ही एका मोठ्या मार्गावरची मधली विसावा-जागा, तिला नंतर फाटे फुटले; द्नो म्हणजे दोन मार्गांची निव्वळ फुली. 1917 मध्ये काय घडलं ते समजायला एवढं पुरे.

झार तेव्हा मोगिल्योवच्या लष्करी मुख्यालयात होता. तिथून त्सारस्कोये सेलोच्या राजवाड्याकडे जायचे दोन रस्ते होते. जवळचा रस्ता ओर्शा, वितेब्स्क, द्नो आणि तिथून सरळ उत्तरेला. लांबचा रस्ता ओर्शा, स्मोलेन्स्क, व्याझ्मा, र्झेव, लिखोस्लाव्ल, बोलोगोये, मालाया विशेरा आणि मग तोस्नोकडून आत. म्हणजे द्नो हा जवळच्या रस्त्यावरचा सांधा, बोलोगोये लांबच्या रस्त्यावरचा. झारची मुलं राजवाड्यात गोवराने आजारी होती आणि राजधानीत बंड पेटलं होतं. घाई होती, तरीही त्याची गाडी लांबच्या रस्त्याने निघाली. कारण जनरल इवानोवला फौज घेऊन राजधानीकडे पाठवलं होतं आणि ती वितेब्स्क-द्नो मार्गानेच जाणार होती. तिच्या आड शाही गाड्या येऊ नयेत म्हणून हा वळसा. झारने आपला सरळ रस्ता सैन्यासाठी मोकळा करून दिला आणि त्याची किंमत स्वतः मोजली. या प्रवासातला हाच निर्णय सर्वांत महाग पडला असं आमचं मत आहे. तासांचा हिशेब असताना त्याने दिवस घालवला.

निघाल्या त्या दोन गाड्या. 'ब' अक्षराची गाडी लवाजम्याची, ती तासभर पुढे. 'अ' अक्षराची गाडी झारची, ती मोगिल्योवहून 28 फेब्रुवारीच्या पहाटे 5 वाजता सुटली. तिकडे पेत्रोग्रादमध्ये (पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) त्याच दिवशी दूमाचा, म्हणजे रशियन संसदेचा, सदस्य बुब्लिकोव याने रेल्वे मंत्रालयाचा ताबा घेतला आणि रेल्वेच्या स्वतःच्या तारेने देशभरातल्या स्थानकांना सत्ताबदलाची बातमी कळवली. इथे रेल्वेची तार कशी चाले ते लक्षात घ्यावं लागतं. कोणती गाडी कधी आली, कधी सुटली, हे प्रत्येक स्थानक पुढच्या-मागच्या स्थानकांना कळवत असतं. त्याशिवाय गाड्या धावूच शकत नाहीत. त्यामुळे मंत्रालय ज्याच्या हाती, त्याला झारची गाडी कुठे आहे हे टप्प्याटप्प्याने समजत राहतं. झारला मात्र डब्यात बसून पुढचं काहीच दिसत नव्हतं.

1 मार्चच्या पहाटे साधारण 2 वाजता, पेत्रोग्रादपासून 162 किलोमीटरवर, मालाया विशेरात बातमी मिळाली की पुढची ल्यूबान आणि तोस्नो ही स्थानकं बंडखोरांच्या ताब्यात आहेत. मग गाडी तिथूनच आडवी पश्चिमेला का नाही वळली? नव्गोरोदचा फाटा चुदोवोला फुटतो आणि चुदोवो पुढे, राजधानीच्या बाजूला. मालाया विशेरातून मागे फिरून पश्चिमेला जायचं तर पहिला उपयोगी सांधा बोलोगोये, म्हणजे 157 किलोमीटर मागे. गाडी बोलोगोयेला आली ती यासाठी. तिथे तिला कोणी अडवलं नाही; तिथे ती प्स्कोवच्या मार्गावर वळली. मात्र वळल्याची खबर तारेने पेत्रोग्रादला पोचली आणि द्नोच्या पूर्वेला एखाद्या छोट्या क्रॉसिंग स्थानकात मालगाड्या आडव्या घालून रस्ता बंद करा, असा हुकूम सुटला. तो अमलात आला नाही. झारची गाडी वाल्दाय आणि स्ताराया रुस्सा ओलांडून संध्याकाळी द्नोला पोचली.

आणि इथे सगळं पुन्हा जुळून येतं. जो जवळचा रस्ता सोडून तो निघाला होता, त्याच रस्त्याच्या सांध्यावर तो दीड दिवसाने उभा होता. द्नोहून उत्तरेला वळलं की सरळ त्सारस्कोये सेलो. पण तो मार्गही आता निर्धोक राहिलेला नव्हता. दूमाचा अध्यक्ष रोद्झ्यांको द्नोला भेटायला येईल अशी अपेक्षा होती. तो आलाच नाही. मग गाडी पश्चिमेला प्स्कोवकडे निघाली.

प्स्कोवच का, द्नोलाच मुक्काम का नाही? प्स्कोवला उत्तर आघाडीचं मुख्यालय होतं, आघाडीचा सेनापती जनरल रूझ्स्की तिथे होता, आणि तिथे ह्यूज तारयंत्र होतं. हे यंत्र ठिपके-रेघांऐवजी थेट अक्षरं छापतं, म्हणून दोन माणसं समोरासमोर बसल्यासारखी त्यावर बोलू शकतात. त्याच रात्री रूझ्स्की आणि रोद्झ्यांको यांचं या यंत्रावर लांबलचक बोलणं झालं. 2 मार्चला आघाड्यांच्या सेनापतींची मतं तारेनेच आली आणि ती पदत्यागाच्या बाजूची होती. संध्याकाळी उशिरा दूमाच्या समितीने पाठवलेले गुच्कोव आणि शुल्गिन राजधानीहून आले आणि प्स्कोव स्थानकात उभ्या असलेल्या शाही डब्यात टंकलेल्या कागदावर झारने पेन्सिलीने सही केली. कागदावर वेळ टाकली ती मात्र दुपारची: 15 वाजून 5 मिनिटं. निर्णय या दोन पाहुण्यांच्या दबावाने झालेला दिसू नये म्हणून. जागा स्पष्ट लिहिलेली आहे: प्स्कोव. द्नोचा दावा खोडायला दुसरा पुरावा लागत नाही.

तरी द्नोचं नाव चिकटून राहिलं, ते त्याच्या अर्थामुळे. साम्राज्य तळाला गेलं ते 'तळ' नावाच्या स्थानकात, हे वाक्य इतकं घडीव आहे की खरं-खोटं तपासायची इच्छाच होत नाही. झारच्या स्वतःच्या रोजनिशीत 1 मार्चच्या नोंदीत द्नो येतं ते वाल्दाय आणि प्स्कोव यांच्या मधलं एक नाव म्हणून. परतीच्या प्रवासात तर द्नो लागलंच नाही. 3 मार्चची नोंद सांगते की त्याला जाग आली तेव्हा गाडी द्विन्स्कच्या बरीच पुढे गेली होती, म्हणजे प्स्कोवहून ती नैऋत्येच्या मार्गाने मोगिल्योवला परतली.

तारखांची गल्लतही इथेच मिटवावी. वरच्या 1917 च्या सगळ्या तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत. विसाव्या शतकात त्यात 13 दिवस मिळवायचे: 2 मार्च म्हणजे आपला 15 मार्च. एकोणिसाव्या शतकातल्या तारखांना मात्र 12 दिवस. मॉस्को-पीटर्सबर्ग मार्ग सुरू झाल्याची तारीख कुठे 1 नोव्हेंबर 1851, तर कुठे 13 नोव्हेंबर दिसते. दोन्ही बरोबर आहेत. सरसकट 13 मिळवून 14 नोव्हेंबर लिहिलं की चुकलं.

दुसऱ्या महायुद्धात दोन्ही गावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. द्नो जुलै 1941 मध्ये जर्मनांच्या हाती गेलं आणि 24 फेब्रुवारी 1944 ला सुटलं. बोलोगोये कधीच पडलं नाही, पण आघाडीची रसद तिथून जात असल्यामुळे त्यावर सतत बॉम्ब पडले. दोघांना जोडणाऱ्या मार्गावर लिच्कोवो नावाचं स्थानक आहे. 18 जुलै 1941 ला तिथे लेनिनग्रादहून (पीटर्सबर्गचंच तेव्हाचं नाव) सुरक्षित जागी नेल्या जाणाऱ्या मुलांच्या गाडीवर विमानातून बॉम्ब टाकले गेले. मुलं तिथेच, गावाच्या स्मशानभूमीत पुरली आहेत. या मार्गावरून जाणाऱ्याने ते नाव ओळखावं.

बोलोगोयेचा भारताशी एक खरा धागा आहे. चित्रकार निकोलाय रोरिक आणि त्यांची भावी पत्नी येलेना यांची भेट 1899 च्या उन्हाळ्यात बोलोगोयेला, प्रिन्स पुत्यातिन यांच्या इस्टेटीवर झाली. पुढे हेच दांपत्य कुलू खोऱ्यातल्या नग्गरला स्थायिक झालं आणि रोरिक यांचं निधनही 1947 मध्ये तिथेच झालं.

आज मॉस्कोहून प्स्कोवला जाणारी रात्रीची गाडी बोलोगोये, स्ताराया रुस्सा, द्नो याच मार्गाने जाते. 1 मार्चचा बोलोगोयेपासूनचा टप्पा तसाच अनुभवता येतो. बोलोगोयेपर्यंत वीज आहे, पुढे तारा नाहीत, म्हणून तिथे विजेचं इंजिन काढून डिझेलचं लावतात. गाडी एवढा वेळ का थांबली याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. वाफेचं इंजिन पाहायचं असेल तर बोलोगोयेहून ओस्ताश्कोवची गाडी बघावी. तिला ठरावीक दिवशी वाफेचं इंजिन लावतात. पीटर्सबर्गहून द्नोला यायचं असेल तर तिथल्या मॉस्कोव्स्की या मुख्य स्थानकावर जाऊ नये. द्नोच्या गाड्या वितेब्स्की स्थानकातून सुटतात, अंतर 245 किलोमीटर. बोलोगोयेच्या गाड्या मॉस्कोव्स्की स्थानकातून.