इयान टायसन: घोडे आधी, गाणी नंतर

इयान टायसन म्हणजे आधी मोठा गायक आणि मग पैसा आल्यावर हौस म्हणून घोडे पाळणारा माणूस, असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण त्याचं आयुष्य नीट बघितलं तर क्रम बरोब्बर उलटा आहे. 1933 साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात जन्म, आणि विशीत हा रोडिओत, म्हणजे काउबॉय लोकांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धांत, घोड्यांवर बसायचा. गिटार हातात आली ती तिथेच पडून घोटा मोडला आणि कॅलगरीच्या हॉस्पिटलमध्ये पडून राहावं लागलं म्हणून! घोड्याने पाडलं नसतं तर गायक झाला असता की नाही, मला खरंच शंका आहे.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत असतो. व्हँकुव्हरला आर्ट स्कूल, मग टोरांटो, तिथे सिल्व्हिया फ्रिकर भेटली आणि इयान अँड सिल्व्हिया ही जोडी झाली, न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये गेले, बॉब डिलनचा मॅनेजर अल्बर्ट ग्रॉसमन तोच यांचाही मॅनेजर. त्या काळातलं त्याचं 'फोर स्ट्राँग विंड्स' हे गाणं, म्हणजे कामासाठी कॅनडाच्याच अल्बर्टा प्रांताकडे निघालेला आणि मागे राहणाऱ्या मुलीचा निरोप घेणारा माणूस. 2005 मध्ये सीबीसी या कॅनडाच्या सरकारी रेडिओच्या श्रोत्यांनी सगळ्यात भारी कॅनेडियन गाणं म्हणून हेच निवडलं.

1964 मध्ये दोघांनी लग्न केलं, नंतर कंट्री रॉककडे, म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाकडे वळले, टायसनचा स्वतःचा टीव्ही शो पण झाला, पण 1975 पर्यंत शोही संपला आणि संसारही. आणि मग तो गाण्यातल्या माणसासारखाच अल्बर्टात गेला. गाणं जवळपास बाजूला ठेवून घोडे तयार करायला लागला. 1978 ला नील यंगने 'फोर स्ट्राँग विंड्स' रेकॉर्ड केलं, त्याच्या रॉयल्टीचा पैसा टायसनने अल्बर्टातल्या लाँगव्ह्यूजवळच्या रँचमध्ये, म्हणजे गुरं-घोड्यांच्या मोठ्या शेतात घातला, म्हणजे तरुणपणी लिहिलेल्या गाण्याने घोड्यांसाठी जमीन मिळवून दिली!

त्याचं खरं वेड होतं कटिंग हॉर्सचं. कटिंग म्हणजे गुरांच्या कळपातून एक जनावर वेगळं काढायचं आणि ते परत कळपाकडे पळायला लागलं की घोड्याने आडवं यायचं, आणि यात गंमत अशी की जनावर वेगळं झालं की स्वाराने लगाम सैल सोडायचा असतो, पुढचं सगळं घोडा स्वतः बघतो, जनावर कुठे वळणार ते आधीच ओळखतो. स्पर्धेत अडीच मिनिटं मिळतात. पण तेवढ्यासाठी घोड्यावर वर्षानुवर्षं मेहनत घ्यावी लागते, आणि टायसन ती रोज स्वतः घ्यायचा, नुसता मालक म्हणून कुंपणाबाहेर उभा राहणारा नव्हता.

माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं काम याच काळात झालं. 1983 पासून तो काउबॉय लोकांची गाणी रेकॉर्ड करायला लागला, नेवाडात एल्को गावी 1985 ला काउबॉय कवींचं संमेलन सुरू झालं तिथे त्याला हक्काचे श्रोते मिळाले, आणि 1986 च्या 'काउबॉयोग्राफी' अल्बमला तर कॅनडात प्लॅटिनम, म्हणजे मोठ्या विक्रीचा मान मिळाला, तेही पन्नाशी ओलांडलेल्या आणि म्युझिक इंडस्ट्रीपासून लांब बसलेल्या माणसाला. त्या गाण्यांमध्ये खोगीर, हिवाळा, विकल्या जाणाऱ्या रँच हे सगळं रोज जगणाऱ्या माणसाचं आहे, शहरात बसून टोपी घालून लिहिलेलं नाही, आणि हा फरक ऐकताना लगेच कळतो.

2006 मध्ये एका फेस्टिवलमध्ये ताणून गाताना आवाज बिघडला, वरून व्हायरल इन्फेक्शन झालं, तो जुना गोड आवाज गेला तो गेलाच. तरी 2008 ला त्याने त्याच खरखरीत आवाजात नवा अल्बम काढला, 2015 पर्यंत अल्बम काढत राहिला आणि डिसेंबर 2022 मध्ये 89 व्या वर्षी रँचवरच गेला. नव्याने ऐकणाऱ्यांनी 'काउबॉयोग्राफी'पासून सुरुवात करावी आणि मग 2008 चा अल्बम लावावा, आवाज एवढा बदलूनसुद्धा गाणी कमी पडत नाहीत.