ड्रीपरचा ईसी आणि निचऱ्याचा ईसी: जरबेऱ्याचं खत मोजायचं कुठे?

एप्रिलमधली दुपार. पॉलिहाऊसमधल्या जरबेऱ्याने माना टाकलेल्या, पानांच्या कडा करपलेल्या, आणि कुंडीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मात्र बोटाला ओलं लागत होतं. ठिबकच्या ड्रीपरखालचं, म्हणजे खत मिसळून झाडाला दिलेलं पाणी मोजलं तर ईसी १.८. ईसी म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, mS/cm मध्ये. जरबेऱ्याला साधारण १.५ ते २ ठेवतात, म्हणजे आकडा बरोबर. खत कमी पडत असेल असं वाटून मी तो २.२ वर नेला. पुढच्या फुलांचे दांडे आणखी आखूड निघाले. शेवटी कुंडीखाली भांडं धरून निथळलेलं पाणी, म्हणजे निचरा, मोजला. आकडा आला ३.४.

दोन्हींना आपण नुसतं ‘ईसी’ म्हणतो आणि तिथेच फसतो. ड्रीपरचा ईसी म्हणजे झाडाच्या ताटात वाढलं ते. निचऱ्याचा ईसी म्हणजे ताटात उरलं ते. मुळी काय सोसते आहे, याचा अंदाज या दुसऱ्या आकड्यावरून येतो.

झाड पाणी आणि क्षार एकाच मापाने घेत नाही. कडक उन्हात पानांतून पाणी भराभर उडतं, म्हणून मुळी पाणी ओढत राहते आणि क्षार कोकोपीटमध्ये मागे साचतात. द्रावण फार खारट झालं की मुळीला पाणी ओढणं जड जातं. ओल्या कुंडीत झाड तहानलेलं राहतं ते यामुळे. अशा वेळी जास्त खत म्हणजे जखमेवर मीठच. निचऱ्याचा आकडा ड्रीपरपेक्षा ०.५ ने जास्त असला तरी मी शांत असतो. फरक १ च्या पुढे गेला की खत पातळ करतो आणि निचरा वाढवतो. १०० मिली दिल्यावर २५-३० मिली खाली यायला हवं. उलट निचऱ्याचा ईसी ड्रीपरपेक्षा कमी भरला, तर झाड उपाशी आहे. तेव्हा खत वाढवणं योग्य.

ईसी एकूण क्षार सांगतो, कोणते ते नाही. बोअरच्या पाण्याचाच ०.८ असेल, तर १.८ मध्ये आपलं खत जेमतेम १ चं. युरिया तर मीटरला दिसतच नाही. आणि नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, असं दिसलं तर ईसीमागे न लागता आधी पीएच, म्हणजे द्रावणाची आम्लता-अल्कता, बघा. तो चढला की लोह झाडाला मिळत नाही.

मीटर १.४१३ ईसीच्या प्रमाण द्रावणात तपासून घ्या. निचरा चार-पाच कुंड्यांचा, रोज ठरलेल्या वेळी धरा. एका कुंडीवर भरवसा नको, एखादा ड्रीपर तुंबलेला असतोच.

त्या एप्रिलात मी ड्रीपरचा ईसी १.४ वर आणला आणि पाण्याच्या पाळ्या वाढवल्या. निचऱ्याचा ईसी उतरत उतरत दोनच्या आसपास आला. करपलेल्या कडा काही हिरव्या झाल्या नाहीत, पण मधून फुटलेली नवी पानं स्वच्छ होती.