जोड पुन्हा का आवळतो?

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन-तीन महिने होतात आणि काही रुग्णांना पुन्हा घास अडकायला लागतो. आधी भाकरी, मग भात, शेवटी पेजही. घरात कुजबुज सुरू होते, रोग उलटला. ती शंका दुर्बिणीने बघून, गरज पडल्यास तुकडा तपासून फेडून घ्यावीच. पण इतक्या लवकर असं झालं तर दोष बहुतेकदा ऑपरेशनमध्ये केलेल्या जोडाच्या व्रणाचा, म्हणजे जखम भरताना उरणाऱ्या घट्ट वणाचा असतो.

रोगट भाग काढल्यावर जठराचीच नळी करून ती छातीत किंवा मानेपर्यंत वर ओढतात आणि अन्ननलिकेच्या उरलेल्या टोकाला जोडतात. त्यासाठी जठराच्या बऱ्याच धमन्या तोडाव्या लागतात. नळी जगते ती मुख्यतः उजवीकडच्या एका धमनीवर, आणि जोड येतो नेमका तिच्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला. रक्त अपुरं, म्हणून जखम रेंगाळते. टाक्यांतून गळती झाली असेल तर आणखीच.

आता खरी गंमत. जखमेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे धागे विणतात. टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा इशारा मिळाला की त्यांच्यात स्नायूंसारखे अ‍ॅक्टिनचे तंतू तयार होतात. त्या मायोफायब्रोब्लास्ट बनून धागे ओढू लागतात. ओढ बसली की धाग्यांच्या जाळ्यात अडकलेलं आणखी टीजीएफ-बीटा मोकळं होतं, म्हणजे पुन्हा नवा इशारा. हातावरच्या जखमेच्या कडा याच ओढीने जवळ येतात. गोल नळीत कडा जवळ आल्या की भोकच बुजत जातं. ते साधारण १३ मिलिमीटरच्या खाली गेलं की घट्ट अन्न अडकतं.

दुर्बिणीतून फुगा घालून तो रंगद्रव्य मिसळलेल्या पाण्याने फुगवतात. एक्स-रेच्या पडद्यावर फुगा आधी डमरूसारखा दिसतो. दाब वाढला की मधली कंबर हळूहळू नाहीशी होते. म्हणजे व्रण फाटला. पण फाटणं ही नवी जखमच, आणि तेच चक्र पुन्हा सुरू! म्हणूनच रुंदी वाढवताना डॉक्टरला व्रणाचा विरोध जाणवू लागला की तिथून पुढे एका बैठकीत साधारण ३ मिलिमीटरच वाढवायचे, असा प्रघात आहे. घाई केली तर नळीला भोक पडू शकतं.

दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने पाच बैठका करूनही १४ मिलिमीटर गाठता आले नाहीत, किंवा गाठलेले चार आठवडेही टिकले नाहीत, तर व्रण हट्टी समजतात. मग त्यात चारही बाजूंनी ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड टोचतात. त्याने कोलॅजनचं विणकाम मंदावतं. पातळ कड्यासारखा व्रण विजेच्या सुरीने कापताही येतो. स्टेंटने नळी काही आठवडे उघडी ठेवता येते, पण तो सरकण्याचा धोका असतो.

‘एका बैठकीत कायमचा इलाज’ ही जाहिरात म्हणूनच खोटी. मंतरलेल्या पाण्याने व्रण सैल होत नाही, आणि इसबगोलसारखं चूर्ण तर अरुंद जागी फुगून बसू शकतं. फुगा लावून घरी आल्यावर छातीत जोराची कळ, ताप किंवा दम लागला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.