जाळी काढली की गाडी पळते?

सायलेन्सरची जाळी काढली की गाडी पळते, अ‍ॅव्हरेजही वाढतो, असं धुळ्या-जळगावकडे वर्षानुवर्षं सांगतात. वाढतो तो मुख्यतः आवाज. धुराला मोकळी वाट मिळाली की हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा ठरलेला हिशोब बिघडतो. हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन तापतं, थ्रॉटल सोडला की सायलेन्सर फटफटतो. त्यात भुसावळचा मे महिना! हे घरी निस्तरत बसू नका, जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) बदलून ट्यूनिंग करणाऱ्या मिस्त्रीकडे न्या. एअर फिल्टर, फ्लोट बाऊलमधला (कार्ब्युरेटरच्या तळच्या पेट्रोलच्या वाटीतला) गाळ मात्र घरी खुशाल साफ करा. फक्त जेटमध्ये तार खुपसू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल ढोसू लागते. २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) गाड्यांत तर बहुधा कार्ब्युरेटरच नसतो, तरी लोक ‘कार्बोरेटर साफ करा’ म्हणत येतात.